प्रत्येक खरेदीला ओटीपी हवाच का?

मुळामुठा (चर्चाप्रस्ताव)

कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या ऑनलाइन खरेदीला पडताळणीचा एक जादा घटक रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केला. सुरुवातीला हा घटक म्हणजे ग्राहकाने स्वतः ठरवलेला पासवर्ड असे. पुढे त्याची जागा एसएमएसने येणाऱ्या ओटीपीने घेतली. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे चोरूनही भारतीय संकेतस्थळावर खरेदी करता येईना, हे त्या निर्णयाचे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप सरसकटपणाला आहे. वर्षानुवर्षे त्याच फोनवरून, त्याच पत्त्यावर तीनशे रुपयांचे पुस्तक मागवणाऱ्याला जो प्रश्न विचारला जातो, तोच प्रश्न रात्री दोन वाजता अनोळखी फोनवरून, नव्या पत्त्यावर साठ हजारांचा मोबाईल मागवणाऱ्यालाही विचारला जातो. पहिल्या ठिकाणी तो अनावश्यक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अपुरा, कारण ओटीपी गोड बोलून काढून घेता येतो, सिम बदलून वळवता येतो किंवा हुबेहूब बनावट पानावर ग्राहकाकडूनच टंकवून घेता येतो.

कार्ड पडताळणीच्या थ्री-डी सिक्युअर या पद्धतीच्या नव्या आवृत्तीत खरेदीसोबत शंभराहून अधिक बाबी बँकेकडे जाऊ शकतात: फोन कोणता, ब्राउझरची भाषा आणि वेळक्षेत्र काय, दुकानातले खाते किती जुने, माल पोहोचवण्याचा पत्ता आधी वापरलेला आहे का. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेले निर्देशही याच दिशेने जातात. किमान दोन घटक कायम आहेत आणि त्यांतला एक प्रत्येक व्यवहारासाठी नव्याने तयार झालेला असावा लागतो. मात्र तो ओटीपीच असावा असा आग्रह नाही, आणि ठिकाण, उपकरण व ग्राहकाच्या सवयी पाहून जादा तपासणी करण्याची मुभा बँकांना आहे. जोखीम कमी असेल तेथे दुसरा घटक फोनमधल्या गुप्त किल्लीने, म्हणजे फोनमध्येच साठवलेल्या सांकेतिक कोडाने, ग्राहकाला न अडवता पुरवावा आणि जोखीम जास्त असेल तेथे ओटीपीपेक्षा कडक काहीतरी मागावे, असे माझे म्हणणे आहे. विरोधी मते वाचायला आवडतील.

निवृत्त शाखाधिकारी

विरोध करतो. शाखेत फसवणुकीची तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाच्या फोनमधला संदेश मी नेहमी आधी पाहत असे. त्यात रक्कम असे, दुकानाचे नाव असे आणि 'हा ओटीपी कोणालाही सांगू नका' ही ओळही असे. तरीही 'पार्सल परत पाठवायचे असेल तर आलेला नंबर सांगा' असे कुरिअरवाला म्हणवणारा कोणी म्हणाला की माणूस त्या संदेशातले सहा आकडे तेवढे वाचून दाखवतो. ही कमजोरी मला ठाऊक आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे मला पटत नाही.

आज एक नियम गावातल्या बचत गटापासून महाविद्यालयापर्यंत सर्वांना समजला आहे: ओटीपी दिल्याशिवाय कार्डावरून पैसे जात नाहीत. त्याला अपवाद आहेत, हे मी जाणतो. दोन हजार रुपयांपर्यंतच्या खरेदीला ग्राहकाच्या संमतीने सवलत देण्याची मुभा डिसेंबर २०१६ मध्येच दिली गेली होती. तरी लोकांच्या मनातला नियम तोच आहे आणि त्याचा उपयोग होतो. उद्या काही व्यवहार गुपचूप होऊ लागले आणि काही अडू लागले, तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाही कारण सांगता येणार नाही. ज्या सुरक्षेचा नियम ग्राहकाला एका वाक्यात सांगता येत नाही, ती ग्राहकाने पाळायची कशी?

हापूस घरपोच

मी रत्नागिरी जिल्ह्यातून एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या ऑनलाइन विकतो, म्हणून विक्रेत्याची बाजू मांडतो. ओटीपी वेळेवर न आल्यामुळे अर्ध्यावर सुटलेल्या ऑर्डरी आमच्या यादीत रोज दिसतात, आणि त्यातले सगळेच गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

पण मोठा फटका बसतो तो ओटीपी नसलेल्या व्यवहारांत. अमेरिकेत राहणारी मुले ठाण्या-पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवतात, तेव्हा तिकडच्या कार्डावर पुष्कळदा ओटीपी येतच नाही. कार्ड चोरीचे निघाले तर महिना-दीड महिन्याने खरा कार्डधारक तक्रार करतो आणि रक्कम माझ्या खात्यातून परत जाते. आंबे तोवर खाऊन झालेले असतात. बँकेने पडताळणी करून व्यवहार मंजूर केला असेल, तर तोटा सहसा बँकेकडे जातो. पडताळणी झालीच नसेल, तर तो माझ्या माथी येतो.

म्हणून जोखीम पाहण्याचे काम मी डोळ्यांनीच करतो. एकदम सहा पेट्या, नवे गिऱ्हाईक, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोन एकच, आणि पत्ता म्हणून 'पेट्रोल पंपासमोर, आल्यावर फोन करा' असे लिहिलेले दिसले की मी गाडी भरण्याआधी फोन लावतो. नेहमीच्या घरी एक पेटी जात असेल, तर लावत नाही. मुळामुठा म्हणतात ते यंत्राने करायचे असेल, तर माझी हरकत नाही. शाखाधिकारी साहेबांना एवढेच विचारतो की सगळ्यांना सारखेच तपासायचे असेल, तर मी दिवसाला किती फोन लावायचे?

नसती उठाठेव

तुम्ही फोन लावता, हीच तुमच्या पद्धतीतली चांगली गोष्ट आहे. समोरच्याला स्वतःची बाजू सांगता येते. यंत्र फोन लावत नाही. पडद्यावर 'व्यवहार नाकारला' एवढेच उमटते.

संशयास्पद कोण ठरेल, याचा विचार करा. घरात एकच फोन असून तो नवरा, बायको आणि मुलगी तिघे वापरतात, तेथे 'नेहमीचे वर्तन' कोणाचे धरणार? ऊसतोडीसाठी दर हंगामात जिल्हा बदलणारे कुटुंब, जुना हँडसेट विकत घेणारा विद्यार्थी, आखातातून सुट्टीवर येऊन नवे सिम घातलेला कामगार, या सर्वांचे ठिकाण आणि उपकरण वारंवार बदलते आणि त्यात गैर काहीच नसते. एकाच घरात राहून एकच महागडा फोन वापरणाऱ्याला मात्र सगळे दरवाजे आपोआप उघडतील. ओटीपीचा जाच निदान सर्वांना सारखा आहे.

दुसरे असे की, ही सगळी पडताळणी पैसे देणाऱ्याची आहे. ऐंशी टक्के सवलतीची जाहिरात देऊन आठवड्याभरात गायब होणाऱ्या बनावट दुकानाला ग्राहक स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या घरातून, राजीखुशीने पैसे देतो. तेथे जोखमीचे गणित खरेदीदाराला निर्दोष ठरवील, आणि तो निर्दोष असतोच. गडबड विक्रेत्यात असते.

बर्मिंगहॅमकर

युरोपीय संघात कडक पडताळणीचा नियम १४ सप्टेंबर २०१९ पासून आला. इकडे ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदीसाठी त्याची पूर्ण अंमलबजावणी १४ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. युरोपच्या नियमात जोखीम पाहून सूट देण्याची तरतूद आहे, पण ती सूट कमवावी लागते. कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांत संस्थेचे फसवणुकीचे प्रमाण ०.१३ टक्क्यांच्या आत असेल, तर १०० युरोपर्यंत, ०.०६ टक्क्यांच्या आत असेल, तर २५० युरोपर्यंत आणि ०.०१ टक्क्यांच्या आत असेल, तर ५०० युरोपर्यंतच्या व्यवहारांना ती लागू करता येते. सलग दोन तिमाहींत प्रमाण मर्यादेबाहेर गेले की त्या टप्प्याची सूट बंद करावी लागते. म्हणजे निष्काळजीपणे सैल सोडणाऱ्या संस्थेचे स्वातंत्र्यच जाते. भारतातल्या निर्देशांत बँकांना जोखीम पाहायला सांगितले आहे, परंतु सूट देण्याची अशी शिडी मला तेथे दिसली नाही.

'नसती उठाठेव' यांच्या बनावट विक्रेत्याच्या मुद्द्याला पडताळणीत उत्तर नाही. ब्रिटनने ते भरपाईच्या नियमात शोधले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून खात्यातून खात्यात पाठवायला लावलेल्या रकमेची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई करावी लागते आणि तिचा भार पैसे पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा असतो. चोराचे खाते उघडून देणाऱ्या बँकेलाही त्यामुळे झळ बसते. कार्डाच्या खरेदीला हा नियम लागू नाही, हेही सांगायला हवे.

निवृत्त शाखाधिकारी

भरपाईचा विषय निघाला आहे, तर मुळामुठा यांनी न मांडलेला एक मुद्दा मीच त्यांच्या बाजूने मांडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य असते. परंतु त्याने ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. त्यामुळे ओटीपी हे बँकेच्या हातातले पुराव्याचे साधनही आहे: आकडे बरोबर भरले गेले, म्हणजे तुम्हीच कोणाला तरी दिले असणार. ग्राहकाला काही न विचारता व्यवहार झाला, तर हा बचाव बँकेला उरत नाही.

आणि नेमके म्हणूनच तुमची योजना कागदावर राहील, असे मला वाटते. सूट दिली तर तोटा बँकेचा आणि ओटीपी मागितला तर बहुधा ग्राहकाचा, अशी स्थिती असताना कोणता जोखीम विभाग सूट देईल? तो सर्वांना ओटीपी मागत राहील आणि वर संशयितांना आणखी अडवील. ग्राहकाच्या वाट्याला दोन्हीकडचा त्रास येईल.

मुळामुठा

शाखाधिकारी साहेब, हा आक्षेप सर्वांत जड आहे. नव्या निर्देशांचे पालन न केल्यामुळे तोटा झाला, तर बँकेने ग्राहकाला पूर्ण भरपाई द्यावी, अशी तरतूद आहे; पण पालन करूनही फसवणूक झाली, तर तुम्ही म्हणता तोच पेच उरतो. म्हणून प्रस्तावात दोन अटी घालतो. संशयास्पद ठरलेल्या ग्राहकाला नकार न देता दुसरा मार्ग द्यावा, मग तो बँकेचा स्वयंचलित फोन असो वा ॲपमधली पुष्टी. आणि सूट युरोपसारखी फसवणुकीच्या प्रमाणाशी बांधावी, व ते प्रमाण प्रत्येक बँकेने दर तिमाहीला जाहीर करावे.

सर्वांना सारखा जाच, हा मात्र मला गुण वाटत नाही. संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली फोनमधली किल्ली बनावट पानावर चालतच नाही आणि कुरिअरवाल्याला वाचून दाखवता येत नाही. फसवल्या गेलेल्या माणसाकडे देण्यासारखे काही शिल्लकच न ठेवणे, हे त्याला रोज बजावण्यापेक्षा बरे.

नसती उठाठेव

पहिली अट मान्य. मात्र ॲपमधल्या पुष्टीला स्मार्टफोन लागतो, त्यामुळे साध्या फोनवाल्यासाठी बँकेचा फोन हाच मार्ग ठेवावा लागेल आणि तो मराठीत बोलणारा हवा.

दुसरीबाबत शंका आहे. ओटीपी सांगून बसलेल्या माणसाची तक्रार 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' म्हणून निकाली निघते, आणि कित्येक जण लाजेपोटी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोनही करत नाहीत. असे व्यवहार बँकेने फसवणुकीत धरलेच नाहीत, तर जाहीर होणारे प्रमाण आपोआप सुंदर दिसेल आणि त्या सुंदर आकड्यावर सूटही मिळेल. निष्काळजीपणा ठरवून फेटाळलेली प्रत्येक तक्रार त्या प्रमाणात मोजली जाईल, असे लिहून दिले, तर मी तुमच्या बाजूला येईन; तोपर्यंत माझे मत शाखाधिकारी साहेबांकडे.