लाकडावर क्रॉस स्टिच : छिद्रांचे माप कसे ठरवावे आणि दोघींनी काम कसे वाटून घ्यावे?

प्रश्न

मी बऱ्याच काळापासून मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच (प्रत्येक घरात दोन तिरप्या टाक्यांची एक फुली) करते आणि माझ्या मैत्रिणीचा लाकूडकामात चांगला हात आहे. आम्ही दोघींनी मिळून प्लायवुडच्या पातळ फळीवर छिद्रे पाडून त्यांतून रंगीत दोऱ्याने नक्षी भरायचे ठरवले आहे. नक्षी भौमितिक आहे आणि उभ्या-आडव्या वीस-वीस घरांत बसते. कापडाच्या विणीत छिद्रे आयतीच मिळत असल्यामुळे त्यांच्या मापाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. येथे मात्र दोन छिद्रांतील अंतर, छिद्राचा व्यास आणि दोऱ्याचे पदर हे तिन्ही आम्हालाच ठरवायचे आहेत. यांचा परस्परांशी मेळ कसा घालावा? फळीला वॉर्निश आधी द्यावे की टाके पूर्ण झाल्यावर? आणि एकाच फळीवर दोघींनी टाके घातले, तर दोन हातांमधला फरक नक्षीत दिसेल का?

प्रतिसाद १

सर्वप्रथम छिद्रांची संख्या मोजून पाहा. वीस घरांना एका ओळीत एकवीस छिद्रे लागतात, म्हणजे पूर्ण नक्षीसाठी ४४१ छिद्रे पाडावी लागतील. दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंत ५ मिलिमीटर अंतर ठेवले, तर नक्षी १० सेंटिमीटर रुंद होईल. इंचाला चौदा घरे असलेल्या कापडावर हीच नक्षी सुमारे ३.६ सेंटिमीटरांत बसली असती. कापडाइतकी बारीक जाळी हाताने पाडण्याचा आग्रह धरू नये, कारण छिद्रे फार जवळ आली की मधले लाकूड तुटते.

व्यासाच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सलग भरलेल्या भागात प्रत्येक छिद्र चार फुल्यांना सामाईक असते, त्यामुळे त्यातून दोरा चार वेळा जातो आणि चौथ्या वेळी सुईला आधीच्या तीन दोऱ्यांच्या शेजारून वाट काढावी लागते. कापडाचे धागे अशा वेळी बाजूला सरकतात; लाकूड सरकत नाही. शिवाय नेढ्यापाशी दोरा दुहेरी असतो, त्यामुळे नुसती सुई छिद्रातून गेली म्हणून माप बरोबर आहे असे समजू नये. ५ मिलिमीटर अंतरावर भरतकामाच्या दोऱ्याचे सहाही पदर वापरायचे असतील, तर माझ्या मते दीड मिलिमीटरचे छिद्र घट्ट होईल आणि २ मिलिमीटरचे सोयीचे ठरेल. दोन छिद्रांमध्ये ३ मिलिमीटर लाकूड तरीही शिल्लक राहते. दोनच पदर घेतले, तर इतक्या मोठ्या घरात फुली विरळ दिसेल आणि मागचे लाकूड डोकावेल.

हे सारे कागदावर ठरवण्यापेक्षा त्याच प्लायवुडच्या टाकाऊ तुकड्यावर तीन-तीनच्या ओळीत नऊ छिद्रे पाडा आणि चार फुल्या घाला. मधल्या छिद्रातून चौथा टाका सहज निघाला, तर माप जमले.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. लाकडाच्या बाजूने थोडी भर घालते. प्लायवुडची निवड योग्य आहे, कारण त्यात एकावर एक थरांचे तंतू आडवे-उभे असतात. अखंड लाकडाच्या पातळ फळीत तंतूंच्या दिशेने ओळीने छिद्रे पाडली की त्याच रेषेवर ती चिरण्याची भीती असते. ३ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. आलेख कागद फळीवर चिकटवून प्रत्येक बिंदूवर आरीने हलकेच टोचून घ्यावे, म्हणजे ड्रिलचे टोक घसरत नाही. ड्रिल नेहमी दर्शनी बाजूने चालवावे, कारण ढलप्या बाहेर पडताना निघतात, आणि फळीखाली टाकाऊ लाकूड घट्ट आवळून ठेवावे, म्हणजे मागची बाजूही फाटत नाही. हे करताना डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क अवश्य लावावा.

वॉर्निश माझ्या मते टाक्यांच्या आधीच द्यावे. छिद्रे पाडून झाल्यावर दोन्ही बाजू १८० आणि मग २२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने घासाव्यात, भुसा झटकावा, वॉर्निशचा पातळ हात द्यावा आणि तो ओला असतानाच छिद्रांत साचलेले थेंब काडीने काढावेत. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक छिद्रातून पुन्हा एकदा काडी फिरवावी, कारण कडेला राहिलेली बारीक कुसळे प्रत्येक ओढीला दोरा पिंजतात. टाक्यांवर वॉर्निश बसले, तर दोरा कडक होतो, काळवंडतो आणि त्याची चमक जाते. एवढ्या मेहनतीनंतर ते पाहवत नाही.

प्रतिसाद ३

मी फक्त टाक्यांविषयी लिहिते. कापड दुमडून सुई एकाच हालचालीत आत-बाहेर काढण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. प्रत्येक वेळी सुई पूर्ण खाली आणि पूर्ण वर न्यावी लागते, म्हणून फळी दोन आधारांवर ठेवून एक हात खाली मोकळा ठेवावा. बोथट टोकाची, सहा पदर मावतील अशा नेढ्याची सुई घ्यावी. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, कारण लाकडाच्या कडेवर घासून तो शेवटाकडे पिंजत जातो.

दोन हातांमधला फरक दिसतो तो मुख्यतः वरच्या तिरप्या टाक्यात, कारण प्रकाश त्यावर पडतो. म्हणून वरचा टाका कोणत्या दिशेला जाईल हे आधी ठरवून फळीच्या मागे पेन्सिलीने बाण काढून ठेवावा. त्याहूनही चांगला उपाय म्हणजे खालचे सगळे तिरपे टाके एकीने घालावेत आणि वरचे सगळे दुसरीने. मग संपूर्ण नक्षीवर एकाच हाताची ओढ दिसते आणि काम मात्र दोघींचे असते. मला ही वाटणी अर्धी-अर्धी फळी वाटून घेण्यापेक्षा कितीतरी अधिक पटते.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. नऊ छिद्रांचा तुकडा आज मैत्रिणीकडून करून घेणार आहे, आणि वरचे टाके तिने घालावेत असे आम्ही ठरवले आहे. एकच शंका उरली आहे : नक्षीत काही घरे रिकामी आहेत, त्यांच्या मागून दोरा नेला तर चालेल का?

प्रतिसाद ३

सगळीकडे छिद्रे पाडणार असाल तर नेऊ नये, कारण रिकाम्या छिद्रातून मागचा रंग स्पष्ट दिसतो. दोरा भरलेल्या फुल्यांच्या मागूनच फिरवावा आणि त्याचे टोक तेथील तीन-चार टाक्यांखाली अडकवावे. खरे तर ज्यांच्या भोवतीची सगळी घरे रिकामी आहेत, ती छिद्रे पाडूच नयेत. मैत्रिणीचे श्रम वाचतील आणि तेथे लाकडाच्या रेषा अखंड दिसतील. त्यासाठी ड्रिल सुरू करण्यापूर्वी आलेख कागदावर ती घरे रंगवून ठेवा.