वॉल्म्सलीने बिऱ्हाडच हलवलं

परदेशातली शर्यत फसली की ती विसरून आपल्या ओळखीच्या डोंगरांत परतावं, असा सल्ला काहीजण देतात, तो मला अजिबात पटत नाही. डोंगरवाटांवर लांब पल्ला धावणारा जिम वॉल्म्सली बघा. अमेरिकेत वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीचा विक्रमवीर, पण फ्रान्समधल्या शामोनीच्या यूटीएमबीत, म्हणजे माँ ब्लां पर्वताभोवतीच्या सुमारे १७० किलोमीटरच्या शर्यतीत, २०१८ आणि २०२१ला अर्ध्यावरच थांबावं लागलं. गड्याने २०२२मध्ये बायकोसह फ्रेंच आल्प्समध्ये बिऱ्हाडच हलवलं. हिवाळ्यात स्की लावून चढ चढायचे, उन्हाळ्यात तिथल्याच वाटा तुडवायच्या. तरी त्या वर्षी आघाडीवर असताना ढेपाळला, चौथा आला!

२०२३ला मात्र १९ तास ३७ मिनिटांत जिंकला. असा पहिलाच अमेरिकन पुरुष. बिऱ्हाड हलवणं सगळ्यांना जमणार नाही, पण पाय नेमके कुठे गळाले, चढावर की उतारावर, हे आठवतंय तोवर लिहून ठेवा आणि सरावाला तसलाच डोंगर शोधा.