कम्युनिटी कॉलेजची बॅचलर्स म्हणजे 'पाटी बदललेला क्लास'?

सनीवेलचा_शेजारी:
कालच्या धाग्यात काकांनी लिहिलंय की कम्युनिटी कॉलेजने (इथली दोन वर्षांची स्वस्त सरकारी कॉलेजं) चार वर्षांची बॅचलर्स डिग्री देणं म्हणजे क्लासवाल्याने विद्यापीठाची पाटी लावणं, हुशार पोरं तिकडे फिरकत नाहीत. गप्प बसणार होतो, राहवलं नाही. काका, कॅलिफोर्नियात याचा कायदा २०१४ चा आहे, आधी १५ कॉलेजांत पायलट, २०२१ ला कायमचं झालं. फूटहिल कॉलेजला डेंटल हायजीन (दात-हिरड्यांची सफाई आणि तपासणी), मिराकोस्टाला बायोमॅन्युफॅक्चरिंग, सँटा मोनिकाला इंटरॅक्शन डिझाइन. युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, वरच्या दोन वर्षांना त्यावर आणखी ८४, म्हणजे इथल्या रहिवाशाला चार वर्षांची फी १०,५६० च्या आसपास. पुस्तकं आणि किट वेगळं, मान्य. आमची थोरली हायजीनच करतेय (कुठे ते सांगत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात). त्यांना क्लिनिकमध्ये पेशंट आणावे लागतात म्हणून मी गेलो, तीन तास तोंड उघडं. ती हिरडीत बारीक दांडी घालून खोलीचे आकडे सांगतेय, 'तीन, दोन, तीन, पाच', मग मॅडम येऊन तेच दात परत मोजणार, एक आकडा चुकला तर पोरगी रडकुंडीला. हा क्लास म्हणे.

कॅल्सीचा_काका:
मीच तो काका. मुलीचं कौतुक आहेच, पण मुद्दा चुकवू नका. हायजिनिस्टचं लायसन्स असोसिएटवर, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या नेहमीच्या छोट्या डिग्रीवर मिळतं. मग बॅचलर्स कशाला? पुढे शिकवायला नाहीतर पब्लिक हेल्थला उपयोगी, पण किती जणी जातात? आणि कायदा नीट वाचा, सीएसयू-यूसी, म्हणजे राज्याची सरकारी विद्यापीठं, जे शिकवतात ते यांनी शिकवायचं नाही. म्हणजे पंगत उठल्यावर पातेल्यात उरलं ते यांच्या पानात. त्यापेक्षा इथे दोन वर्षं करून विद्यापीठात ट्रान्सफर घ्या की, सहा यूसींची टॅग, म्हणजे प्रवेशाची गॅरंटी आहे.

फ्रेमाँटवाली_नर्स:
उरलेलं म्हणताय, पण वाढप्या कोण ते बघा ना. फेदर रिव्हर कॉलेजने वणव्यांची डिग्री काढली, तिथे आजूबाजूला जंगलंच जळतात, तर सीएसयूचे हम्बोल्टवाले म्हणे आमच्याशी डुप्लिकेट. हम्बोल्ट समुद्रकाठी, हे पार सिएराच्या डोंगरात, मधे अर्धा दिवस ड्रायव्हिंग!! शेवटी मिळाली ती. कम्युनिटी कॉलेजांना नर्सिंगची बॅचलर्स देऊ द्यायचं तर बिल पास होऊन सप्टेंबर २०२४ ला गव्हर्नर न्यूसमने व्हेटो केलं. मी असोसिएटवर लागले, मग रात्रपाळ्या करत बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) पुरं केलं, मुलगा तेव्हा दीड वर्षांचा. ट्रान्सफर घ्या म्हणायला सोपं असतं हो काका, ज्याचं घर-पोरं इथेच आहेत त्याने सँटा बार्बराला जायचं का?

बीडीएस_घरीच:
हायजीनचा विषय निघालाच आहे तर. मी नागपूरची बीडीएस, सहा वर्षं प्रॅक्टिस, रूट कॅनाल मोजलेच नाहीत किती. इथे ती डिग्री प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्टांखाली. परत दोन-तीन वर्षांचा प्रोग्रॅम, फी लाखाच्या वर, डॉलरमध्ये. एका ऑफिसात असिस्टंट म्हणून गेले तर तिथल्या बाईंनी मला सक्शन कसं धरायचं ते शिकवलं. मला!

कॅल्सीचा_काका:
ताई, वाईट वाटलं, पण याचा इथे काय संबंध?

बीडीएस_घरीच:
संबंध हा की डिग्री कुठली मोठी हे तुम्ही सोफ्यावर बसून ठरवता.

मिसळ_विदाउट_पाव:
ताई, मग एवढं येतंय तर हायजीनच का नाही करत? स्वस्तात होईल.

बीडीएस_घरीच:
दंतवैद्याने परत पहिल्यापासून क्लीनिंग शिकायचं? अ‍ॅनाटमी, मायक्रोबायॉलॉजी परत? तुम्ही द्या की सी लँग्वेजची परीक्षा परत.

मिसळ_विदाउट_पाव:
अहो मी सहज विचारलं, चिडताय कशाला. बायकोचं सीए इथे चालत नाही, आमच्या घरी रोज हेच ऐकतो.

सनीवेलचा_शेजारी:
माझा धागा कुठे गेला?

फ्रेमाँटवाली_नर्स:
नागपूरला. तसं मला ताईंचं पटतंय, फक्त राग चुकीच्या माणसावर निघतोय.

कॅल्सीचा_काका:
बरं, १०,५६० चा आकडा मी तपासला, बरोबर आहे. सीएसयूला एका वर्षाला सहा हजारांच्या वर जातात. तेवढं मान्य. पण डिग्री चांगली म्हणजे सगळ्यांनी घ्यावी असं नाही. अठराव्या वर्षी पोराने इंटरॅक्शन डिझाइन धरलं आणि बाविसाव्या वर्षी नोकऱ्या आटल्या तर?

सनीवेलचा_शेजारी:
कॉम्प्युटर सायन्सवाल्यांच्या काय आटल्या नाहीत का काका? तुमच्या चिरंजीवांचं काय चाललंय सध्या?

कॅल्सीचा_काका:
हे पर्सनल झालं. मी निघतो.

मिसळ_विदाउट_पाव:
जाता जाता, शेजारी, त्या क्लिनिकमध्ये क्लीनिंगचे किती घेतात? आमच्या डेंटिस्टने या वेळी कापलंय नुसतं.

सनीवेलचा_शेजारी:
मेसेज करा. तीन तास काढून या मात्र.