मदत हवी आहे: नामवंतांच्या सह्यांत पैसे गुंतवावेत का?

रक्कम ६० हजार, मुदत १० वर्षे. एका विक्रेत्याकडे तीन वस्तू आहेत. १९८३ च्या विश्वविजेत्या संघाच्या सह्यांची बॅट, लताबाईंची सही असलेलं एलपीचं कव्हर आणि बालगंधर्वांचं सही केलेलं, १९३५ च्या सुमाराचं म्हणून सांगितलेलं छायाचित्र. तिन्हींना सर्टिफिकेट देतो म्हणतो. घेण्याआधी काय तपासायचं आणि विकताना हातात किती उरतं, एवढं जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: टाकदौत

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात कमी विचारला जातो. समजा लिलावात १० हजारांवर हातोडा पडला. त्यावर लिलावगृहाचं २० टक्के प्रीमियम धरा, म्हणजे तुमचे १२ हजार गेले. शिवाय कर वेगळा. विकताना १५ टक्के कमिशन जातं असं धरू. दहा वर्षांनी वस्तू १५ हजारांना गेली, तरी हातात १२,७५० येतात. भाव दीडपट झाला आणि तुम्ही कमावले ७५० रुपये. तेच १२ हजार ७.१ टक्के चक्रवाढीने दहा वर्षांत साधारण २३,८०० होतात. तेवढे सहीतून मिळवायचे तर हातोडा २८ हजारांवर पडायला हवा, म्हणजे भाव जवळजवळ तिप्पट.

असा भाव फक्त दुर्मिळ सहीला चढतो, आणि प्रसिद्धी म्हणजे दुर्मिळता नव्हे. ब्रॅडमन यांनी निवृत्तीनंतर कित्येक दशकं चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं दिली, म्हणून त्यांच्या उतारवयातल्या साध्या सह्या बाजारात मुबलक आहेत. उलट अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे बटन ग्विनेट १७७७ मध्येच वारले. सामान्य माणसाला त्यांचं नावही माहीत नसतं, पण सह्या मोजक्याच उरल्याने किंमत प्रचंड आहे.

म्हणून कोऱ्या कागदावरच्या सहीपेक्षा मजकूर असलेलं पत्र घ्या. हस्ताक्षर पानभर असलं की तुलना करता येते. ‘चि. अमुक यास आशीर्वाद’ असं लिहिलेलं असेल तर भाव थोडा कमी येतो, पण ती वस्तू कुणाकडून आली हे शोधायला धागा मिळतो. मी तरी तीच निवडीन.

प्रतिसाद: बॅकफूट

बॅटबद्दल. १९८३ चा संघ १४ जणांचा होता. आधी सह्या मोजा. त्या स्पर्धेत एकही सामना न खेळलेल्या सुनील वॉल्सन यांची सही नकली बॅटवर राहून जाऊ शकते. मग यशपाल शर्मांची शोधा. ते १३ जुलै २०२१ रोजी गेले, त्यामुळे त्यानंतर बाजारात आलेलं कंपनीचं स्टिकर असलेल्या बॅटवर ती दिसली तर तिथेच थांबा.

१० पटीचं भिंग घेऊन शाई बघा. रेघ बारीक ठिपक्यांची दिसली तर सही छापील आहे. पेनाने केली असेल तर शाई लाकडाच्या रेषांत थोडी पसरते आणि बॉलपेनने तर चर उमटते. चौदा माणसं सही करतात तेव्हा कोणी बॅट आडवी धरतो, कोणी दुसऱ्याच्या सहीला वळसा घालतो, दाब निरनिराळा पडतो. चौदाही सह्या एकाच तिरकेपणाने, सारख्या अंतरावर बसल्या असतील तर हात एकच आहे.

शिवाय बॅट १९८३ ची आणि सह्या पुढच्या एखाद्या समारंभातल्या, असंही असतं. अशी वस्तू खोटी नसते, पण भाव वेगळा लावायचा. संघातले बहुतेक जण हयात आहेत, त्यामुळे यशपाल शर्मांची सही नसलेल्या अशा बॅटा अजून बनू शकतात.

प्रतिसाद: जुना कागद

एलपीचं कव्हर जुनं आहे म्हणून सही जुनी ठरत नाही. जुनं कव्हर कुठल्याही रद्दीत मिळतं. कव्हरवर रेकॉर्डच्या कडेचा गोल वळ उमटलेला असतो, तो सहीला जिथे छेदतो ती जागा तिरप्या उजेडात बघा. घासल्याने शाईही झिजली असेल तर सही आधीची. आधीच झिजलेल्या खळग्यात, ओरखड्यात शाई उतरून बसली असेल तर सही नंतरची. लताबाई २०२२ मध्ये गेल्या. अशा निधनानंतर भाव उसळतो आणि नकली मालही येतो, त्या लाटेत खरेदी करू नका.

छायाचित्राचा कागद मागून कसा लागतो? सही कशाने केली आहे?

धागाकर्ता

मागून गुळगुळीत, प्लास्टिकसारखा. सही काळ्या मार्करने.

प्रतिसाद: जुना कागद

मग सोडून द्या. प्लास्टिकचा थर असलेला फोटो कागद सत्तरच्या दशकात रुळला आणि बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. मार्करचीही तीच गत: १९३५ मध्ये असं पेन नव्हतंच, बॉलपेनसुद्धा बाजारात आलं ते १९४० नंतर.

पुढे असं काही घेताना अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जवळ ठेवा. १९५० च्या आधीचा म्हणून दिलेला कागद तिच्याखाली निळा-पांढरा लख्ख उजळला तर तो नंतरचा. आणि सही छापील नमुन्याशी ताडून बघताना ती तंतोतंत जुळली तर खूश होऊ नका. माणूस दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही, ती नमुन्यावरून गिरवलेली असते.

एखादं अस्सल जुनं पत्र हाती लागलंच तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचं ७५ वर्षांवरचं हस्तलिखित त्यात येतं आणि ते देशाबाहेर विकता येत नाही. म्हणजे परदेशातले भाव बघून हिशेब करायचा नाही.

जपणूक: लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. पीव्हीसीची पाकिटं चिकटतात आणि शाई ओढतात, पॉलिएस्टरची घ्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको.

प्रतिसाद: टाकदौत

सर्टिफिकेटबद्दल राहिलं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये क्रीडापटूंच्या नकली सह्यांची टोळी पकडली, तेव्हा त्या मालाबरोबर अस्सलपणाची सर्टिफिकेटंही विकली जात होती. विकणाऱ्यानेच दिलेला कागद पुरावा नव्हे.

पावतीवर वस्तूचं वर्णन, कोणाकडून आली, आणि ‘तिसऱ्या तज्ज्ञाने नकली ठरवल्यास पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य मुदतीसह लिहून मागा. बॅटचे सगळ्या बाजूंचे फोटो त्याच पावतीला जोडून सही घ्या. हे लिहून द्यायला तो तयार झाला, तर बॅटचा भाव बोलायला बसा.