प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: सांगलीहून आखणी

कृष्णाकाठ: आई-बाबांसह जायचंय. प्राग 3, व्हिएन्ना 4, बुडापेस्ट 3 रात्री. व्हिसा कोणत्या देशाचा? रेल्वे पास घ्यावा का?

मिरजकर: मुक्काम ऑस्ट्रियात जास्त, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडेच. रात्री सारख्या असत्या, तर जिथे आधी उतरणार त्या चेकियाकडे. 6 महिने आधीपासून अर्ज घेतात. विमा किमान 30,000 युरोचा हवा. बोटांचे ठसे द्यायला तिघांनाही जावं लागेल. 59 महिन्यांत आधी दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत.

विश्रामबाग: पास कशाला? प्रवास दोनच: व्हिएन्नापर्यंत साधारण 4 तास, पुढे पावणेतीन. सुटी तिकिटं लवकर काढली की स्वस्त पडतात. सीट मात्र आरक्षित करा, नाहीतर आई-बाबा दारात बॅगांवर बसणार! जाताना विमान प्रागचं, येताना बुडापेस्टहून.

मिरजकर: प्रागमध्ये कागदी ट्राम तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड! एटीएमवर 'रुपयांत रूपांतर' आलं की नाही म्हणा, तो दर महाग असतो. चलनं तीन आहेत: कोरुना, युरो, फोरिंट. चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत बघा.

कृष्णाकाठ: चाकांची बॅग चालेल?

विश्रामबाग: जुन्या प्रागमध्ये दगडी फरसबंदी आहे, लहान चाकं निखळतात. मोठ्या चाकांची घ्या.