जुना फ्रेंच डाव, टार्टचं उलथणं आणि ८४ आकड्याचे चमचे: चांदी की मुलामा?

नीलाक्षी:
लियाँजवळच्या एका गावात लोक रविवारी घरातल्या जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून विकतात. तिथून एक लाकडी पेटी घेतली. आत सूप वाढायचा मोठा डाव, टार्टचं रुंद पात्याचं उलथणं आणि काही सुटे चमचे-काटे निघाले. डावाच्या दांड्यावर शिरस्त्राण घातलेल्या बाईचं इवलंसं डोकं आहे, शेजारी शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत दोन अक्षरं. उलथण्याच्या मुठीवरही तेच डोकं, पात्यावर मात्र काहीच नाही. चमच्या-काट्यांवर चौकोनी छाप आणि ८४ हा आकडा. विकणारे आजोबा म्हणाले, ८४ टक्के चांदी. मला ते पटलं नाही. यातलं नक्की काय चांदीचं? मला हे रोज वापरायचंय, कपाटात ठेवायला घेतलेलं नाही.

भिंगवाला:
रोज वापरायचं म्हणालात, फार बरं वाटलं.

डाव चांदीचा आहे. ते डोकं मिनर्वा देवीचं, फ्रान्सची १८३८ पासूनची सरकारी छाप. भिंग घ्या आणि डोक्याजवळ आकडा शोधा. कपाळापुढे १ दिसला तर हजारात ९५० भाग चांदी, म्हणजे इंग्रजांच्या ९२५ च्या स्टर्लिंगपेक्षा सरस. हनुवटीपाशी २ असेल तर ८००. शंकरपाळी चौकट कारागिराची. मुलाम्याच्या मालावर मात्र चौकोनी छाप. हा फरक १७९७ च्या कायद्यापासून चालत आलाय, त्यामुळे अक्षरं झिजली तरी आधी चौकटीचा आकार बघावा.

८४ म्हणजे टक्के नव्हेत, ग्रॅम. बारा चमचे आणि बारा काटे मिळून त्यांच्यावर ८४ ग्रॅम चांदी चढवलेली, म्हणजे नगाला साडेतीन ग्रॅम. मुलामा म्हणून हे चांगलं काम आहे. क्रिस्तोफ्ल या मुलाम्याची भांडी करणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या मालावर हा आकडा पुष्कळदा दिसतो. चमचा उपडा करून खोलगट भागाची पाठ बघा, टेबलावर टेकते ती जागा. तिथे पिवळं दिसलं तर खालचं पितळ उघडं पडलंय, राखाडीकडे झुकणारं पिवळट दिसलं तर आत जर्मन सिल्व्हर आहे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते.

उलथण्याच्या बाबतीत मात्र भले भले फसतात. मूठ पोकळ असते: चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन अर्धे भाग जोडायचे, आत राळ भरायची आणि तिच्यात पात्याचं टोक रोवायचं. पातं बहुधा मुलाम्याचं किंवा पोलादी. मुठीवरची मिनर्वा फक्त मुठीची हमी देते. म्हणूनच असली वस्तू कुणी वजनावर विकू लागला तर घेऊ नका, त्या वजनात राळही आली.

सायली:
धुण्याबद्दल लिहिते. उलथणं गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, डिशवॉशरमध्ये तर नकोच. राळ मऊ होते आणि पातं डुगडुगायला लागतं. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. चांदीवरचा काळपटपणा गंधकामुळे येतो, म्हणून अंड्याच्या पदार्थात चमचा राहू देऊ नका आणि जुडीला रबरबँड लावू नका. रोजच्या वापरात धुणं-पुसणं होतं, मग काळं पडणंही कमी.

काळपटपणा घालवायला अॅल्युमिनियम फॉइल आणि खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवण्याचा उपाय साध्या डावाला चालेल. नक्षी असेल तर खाचांतली काळी छटाही निघून जाते आणि नक्षी सपाट दिसायला लागते. मुलाम्याला पॉलिश अगदी क्वचित करा, दरवेळी थोडी चांदी जातेच.

नीलाक्षी:
भिंगातून पाहिलं, डावावर कपाळापुढे १ आहे! एका चमच्याच्या पाठीवर पितळ दिसतंय, बाकीचे छान आहेत. आता एकच: काट्यांच्या मागच्या बाजूला कुणाचीतरी आद्याक्षरं कोरलेली आहेत. एक ओळखीचे घासून काढून देतो म्हणतात. करू का?

भिंगवाला:
अजिबात नको. मुलाम्यावरचं कोरीव घासलं की चांदी जाऊन खालचा धातू वर येतो, मग परत मुलामा चढवल्याशिवाय गत्यंतर नाही. अक्षरं मागे आहेत त्यालाही कारण आहे. फ्रान्समध्ये काटे दाते खाली करून मांडायची रीत, त्यामुळे पाहुण्याला दिसते ती हीच बाजू. तुम्हीही तसेच मांडा. पितळ दिसणारा तेवढा एक चमचा मुलामा देणाऱ्याकडे न्या, बाकीच्यांना हात लावू देऊ नका.