मदत हवी आहे: कोल्हापूर जिल्ह्यावरच्या चित्रप्रदर्शनाला रंकाळा पाठवू की गुऱ्हाळ?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्हा हाच विषय असलेलं एक चित्रप्रदर्शन भरतंय. परीक्षक निवडतील तीच चित्रं लागणार, सरसकट नाही. मी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) केलंय, पण नोकरी बँकेत झाली. जलरंग सुटले नाहीत इतकंच. चित्रं घरात आणि नातेवाइकांच्या भिंतींवर आहेत. परीक्षकांपुढे चित्र ठेवण्याची वेळ कॉलेजनंतर आलीच नाही, म्हणून विचारते.

माणशी दोन चित्रं चालतात. आधी फोटो पाठवायचे, त्यावरून पहिली निवड. मग निवडलेली चित्रं फ्रेमसकट नेऊन द्यायची आणि तिथे प्रत्यक्ष बघून दुसरी निवड. प्रवेश फी परत मिळत नाही.

माझ्याकडे तीन आहेत. रंकाळा: संध्यामठ, पाण्यावर संध्याकाळ. हे सगळ्यांना आवडतं. पन्हाळा: पावसातला तीन दरवाजा. हे एका ओळखीच्यांच्या फोटोवरून केलंय. आणि आमच्या गावाकडचं गुऱ्हाळ: काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, वाफ, मागे चिपाडांचा ढीग, गूळ करणारा गुळव्या पाठमोरा. हे मला जवळचं आहे, पण घरच्यांच्या मते काळपट झालंय आणि 'यात कोल्हापूर कुठाय?'

तर कुठली दोन पाठवू? मोबाइलवर काढलेला फोटो चालेल का? फ्रेमला काच की अ‍ॅक्रिलिक? किंमत लिहायचा रकाना आहे, त्यात काय लिहितात? विक्रीचा विचारच केला नव्हता.

जुनी_पेठ
ताई, घरच्यांना सांगा, गुळात कोल्हापूर नसेल तर मग कशात आहे?

अशा निवडीला मी बसलोय. रंकाळा, महालक्ष्मी मंदिराची शिखरं, पंचगंगेचा घाट ढिगानं येतात. पहिल्या फेरीत पडद्यावर एकामागून एक चित्र सरकतं, आणि सोनेरी पाण्यातला संध्यामठ सलग चौथ्यांदा आला की परीक्षकांची नजर तिथे थांबत नाही. तुमचं चित्र वाईट असेल असं नाही, पण त्याला त्या गर्दीतून वर यावं लागतं.

शिवाय इथल्या परीक्षकांच्या डोळ्यासमोर आबालाल रहिमान असतात. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते परत आले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ तळं पुन्हापुन्हा रंगवत राहिले. ते काही पाहुण्यांना दाखवायला न्यायचं ठिकाण नव्हतं, राहत्या जागेजवळचं पाणी होतं. कोल्हापूरच्या पाण्याचं जलरंगातलं चित्र ठेवलं की ही तुलना होणारच. तुम्हाला रंकाळ्यात रोजच्या येण्याजाण्यातलं काही दिसलं असेल तर जरूर पाठवा. फक्त 'सगळ्यांना आवडतं' म्हणून नको.

चौकटवाला
फ्रेमिंगचं दुकान आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

फोटो मोबाइलवरच काढा, पण फ्रेम करायच्या आधी. काचेत पंखा आणि तुम्ही दोघंही दिसता. चित्र भिंतीला सरळ टेकवा, उघड्या सावलीत, उन्हात नको आणि ट्यूबलाइटखाली तर नकोच. मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरा, थोडं मागे जाऊन झूम करा, नाहीतर कडा फुगतात. कागदाचा पांढरा भाग फोटोत पिवळा किंवा निळा येत असेल तर तेवढं दुरुस्त करा. रंग भडक करायचा मोह आवरा. दुसऱ्या फेरीत खरं चित्र समोर येतं आणि फोटोपेक्षा फिकं निघालं की तिथेच बाद होऊ शकतं.

जलरंगाला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, अ‍ॅसिड-फ्री मागून घ्या. कागद काचेला चिकटता कामा नये, दमट हवेत बुरशी धरते. चित्रं नेआण करायची असतील तर मी अ‍ॅक्रिलिक सांगेन. हलकं असतं, फुटत नाही. ओरखडे मात्र पटकन पडतात, कोरड्या फडक्यानं घासू नका. मागे दोन कड्या आणि तार लावून घ्या. नुसता खिळ्याचा हुक बरेच आयोजक घेत नाहीत.

सुमेधा_क
पन्हाळ्याचं चित्र बाजूला ठेवा, किंवा आधी फोटो काढणाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे छायाचित्र हीसुद्धा कलाकृतीच आहे, आणि त्यावरून हुबेहूब चित्र केलं तर त्यांचा हक्क आड येतो. ओळखीचे आहेत, चार ओळींचा ईमेल पुरेल. पण नियमांत 'संदर्भ स्वतःचाच हवा' असं असेल तर परवानगीही कामाची नाही.

नियमांच्या शेवटच्या पानावर अजून एक गोष्ट बघा. कॅटलॉगमध्ये आणि प्रसिद्धीसाठी चित्र छापायची मुभा मागणं नेहमीचं आहे. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं असेल तर मात्र विचारा. काही ठिकाणी बक्षीस मिळालेलं चित्र बक्षिसाच्या रकमेतच आयोजकांचं होतं. तेही आधी कळलेलं बरं.

किंमत लिहिताना माउंट, फ्रेम, आयोजकांचं कमिशन हे सगळं धरूनच आकडा टाका. द्यायचं नसेल तर सरळ 'विक्रीसाठी नाही' लिहा. आकडा अवाच्या सवा लावू नका, खरंच कोणी घेतलं तर पंचाईत.

गडहिंग्लजकर
चित्रातलं मला कळत नाही, गुऱ्हाळातलं कळतं. जाळ घालणारा दाखवलाय का? तो खाली चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या चुलीच्या, तोंडाशी असतो, गुळव्या वर काहिलीजवळ. उजेड खालच्या माणसाच्या तोंडावर पडतो, वरचा वाफेत अर्धा पुसलेला. काळपट वाटतंय ते बहुतेक त्यामुळं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! गडहिंग्लजकर दादा, जाळ घालणारा माझ्या चित्रात नाहीच, चुलवाण चौकटीच्या खाली कापलं गेलंय. उजेड येतोय पण कुठून ते दिसत नाही. हंगाम चालू आहे, रविवारी जाऊन स्केच करते आणि नवीनच चित्र करते.

पन्हाळा रद्द. रंकाळा घरीच राहू दे. दुसरी प्रवेशिका द्यायलाच हवी का?

जुनी_पेठ
नको. दोघांची सरासरी काढतात असं नाही, पण कच्चं चित्र शेजारी असलं की पक्क्याकडेही संशयानं बघतात. आणि नवीन करताना वाफेला पांढरा रंग लावू नका, तिथे कागद कोराच राखा. खाली हात शेकतोय इतका जाळ दिसला तर वरचा काळोख आपोआप उजळेल.

चौकटवाला
माप आधी ठरवा. नियमातली मर्यादा बहुतेक वेळा फ्रेमसकट असते, कागदाची नाही.